नसलेल्या माणसांची उठबस

नसलेल्या माणसांची जेवढी उठबस आमच्या मामांनी केली, तेवढी असलेल्यांची कुणी केली असती तर तंजावुरात एक भांडण शिल्लक राहिलं नसतं. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. राजवाड्यामागच्या गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एकटे राहतात. वय सत्त्याऐंशी, भूगोलाचे निवृत्त मास्तर, आणि माझं लग्न होऊन मी इथे आले त्याच्याही कितीतरी आधीपासून ते एक कादंबरी लिहितायत. आता ‘लिहितायत’ म्हणायचं ते आपलं त्यांच्या समाधानासाठी. मामांचं मराठी आमच्या साताऱ्याच्या शास्त्रीबुवांनी कान टवकारावेत इतकं जुनं, पण या गल्लीतल्या बहुतेक मराठी घरांप्रमाणे त्यांचंही शिक्षण तमिळमधून झालेलं, त्यामुळे देवनागरी येत नाही. मी लग्न करून आले आणि तिसऱ्या दिवशी, हातावरची मेंदी उतरायच्या आत, मामा कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन दारात. म्हणाले, “मुली, मी सांगतों, तूं लिही.” मला वाटलं एखादं पत्र असेल. त्याला अठरा वर्षं झाली.

कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, पण तीत बंदूक एकदाही उडत नाही. तिरुवैयारूजवळचं कावेरीकाठचं एक गाव. मद्रासवर बॉम्ब पडणार म्हणून तिथले एक वीणा शिकवणारे गृहस्थ पळून गावात येतात आणि चार मुलींना शिकवू लागतात. युद्धामुळे वीणेच्या तारा मिळेनाशा होतात, आणि सबंध दोन प्रकरणं गाव एका तारेच्या शोधात हिंडतं. त्याच गावात एक आई आहे. तिचा थोरला मुलगा पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेलेला. विमानांच्या भीतीनं गावातले दिवे झाकलेले, मग परत येताना त्याला घर कसं ओळखू येणार? म्हणून ती रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून गाते. आवाजाच्या रोखानं ये बाबा, म्हणून.

एवढ्यावर थांबतील तर ते मामा कसले! कादंबरीतल्या गावात दिवे झाकले गेले त्या दिवशी मामांनी स्वतःच्या घरातल्या दिव्यांनाही काळा कागद लावला. तो आजतागायत काढलेला नाही. पुस्तकात तारा संपल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या वीणेच्या सगळ्या तारा उतरवून डब्यात ठेवल्या. “गांवात नाहींत आणि माझ्या घरीं कोठून असतील?” असा त्यांचा सवाल. आणि खरं सांगते, ती बिनतारांची वीणा दिवेलागणीला घुमते. मी माझ्या कानांनी ऐकलंय. आमचे हे इंजिनिअर. ते म्हणाले, भोपळा पोकळ आहे, बसस्टँडवरच्या बसेसचा हादरा बसतो. मी म्हटलं, मग बसेसचा संप होता त्या दोन दिवसांत काय घुमत होतं? त्यावर त्यांनी पेपर उघडला.

मामांकडे जेवायला गेलं की पानं मोजायची नाहीत, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. आपण तिघं असलो तर केळीची पानं चार मांडली जातात, कधी पाच. “वीणेवाले येतील म्हणून वांगं केलं नाहीं,” असं मामा अगदी सहज सांगतात. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा पानं उचलताना त्या चौथ्या पानावरचा ताकभात अर्धा आणि लोणचं सगळं संपलेलं दिसलं. मांजर म्हणावं तर त्या घरात मांजर नाही, आणि मांजर लोणचं खात नाही. मी पान दुमडलं. त्या दिवसापासून मी वाढताना चौथ्या पानावरही नीट वाढते. उगाच कुणाची तक्रार नको.

फुलं विकणारी बाई रोज संध्याकाळी गल्लीत येते. अघळपघळ बाई, तिला कादंबरी वगैरे काही ठाऊक नाही. तिनं एकदा मला तमिळमध्ये विचारलं, “तुमच्या मामांकडे कोण पाटी आली आहे? ओट्यावर बसून गात होती. मी मल्लीचं फूल पुढे केलं तर नको म्हणाली, मुलगा आल्यावर माळीन म्हणाली.” पाटी म्हणजे आजी, मल्ली म्हणजे मोगरा. मामांकडे गेल्या दहा वर्षांत कुणी आजी मुक्कामाला आलेली नाही. मामांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, “सूर लागला होता कीं नाहीं?”

पण सगळ्यांत मोठा कहर केला तो वीणेवाल्यांनी. अकराव्या प्रकरणात ते वारले. म्हातारपणानं, झोपेत, कुणाला त्रास न देता. मी वाक्य लिहून पूर्णविराम दिला तर मामा उठून थेट न्हाणीघरात. बाहेर येऊन म्हणाले, “मुली, तूंही स्नान कर. तुझ्याच हातून झालें.” मामांनी दहा दिवस सुतक पाळलं. माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा त्याच आठवड्यात होता, त्याला आले नाहीत. नणंद वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, जणू मीच त्या माणसाचा गळा दाबला होता. तेराव्याला भटजी बोलावले. भटजींनी गोत्र विचारलं. मामा म्हणाले, “भारद्वाज. मींच ठेवलें.” भटजी गरीब माणूस, त्यांनी मुकाट्यानं संकल्प सोडला. पुढे पोस्टमन गेला, गावची सुईण गेली, मंदिराचा हत्ती गेला. प्रत्येकाचं सगळं यथासांग. हत्तीचं गोत्र तेवढं भटजींनी विचारलं नाही.

अशी सगळी माणसं आपापल्या वेळी गेली आणि कादंबरी शेवटच्या प्रकरणावर येऊन अडली. आई ओट्यावर गाते आहे. मुलगा यायचा आहे. बस्स. चार वर्षं आम्ही त्याच पानावर. रोज संध्याकाळी मी वही घेऊन मामांच्या ओट्यावर बसायची, मामा डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं म्हणायचे, “येऊलाला.” त्यांच्या बोलीत म्हणजे येतो आहे. एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊलाला. इकडे मामांची दृष्टी गेली, पाय थकले, गेल्या पावसाळ्यात तर दवाखान्यातून परत येतात की नाही अशी गत झाली. डॉक्टरांनी आमच्या यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता फार धरून चालू नका.

माझा स्वभाव तापट, तो मी साताऱ्याहून सोबतच आणलाय. एका संध्याकाळी घरी पाहुणे, गॅसवर दूध, आणि मामा आपले येऊलाला. मी वही आपटली. म्हटलं, “मामा, हत्तीला मारलंत, सुईणीला मारलंत, मग याच्यावरच एवढी माया का? टाका एकदाचं मारून, पाळू दहा दिवस सुतक आणि होऊ मोकळे.”

ती वही मामांनी चाचपून उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “त्याचें सुतक आईनें पाळूं दिलें नाहीं.”

आणि मग त्यांनी सांगितलं. मुलगा म्हणजे मामांचा थोरला भाऊ. तो पलटणीत गेला तेव्हा मामा पाच वर्षांचे. दोन पत्रं आली, पुढे काही नाही. बारा वर्षांनी भटजी म्हणाले, आता दर्भाचा पुतळा करून दहन करू. आईनं त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. ती मरेपर्यंत रोज गायली. शेवटच्या संध्याकाळी आवाज फुटेना, तेव्हा तिनं मामांना खुणेनं विचारलं, आला का? मामा म्हणाले, “आई, येऊलाला. नदी ओलांडली.” ती समाधानानं गेली. “मी खोटें बोललों, मुली. तें खरें करायचें आहे. पण करूं कसें? मला त्याचें तोंड आठवत नाहीं. जातांना पाहिला तेवढाच. पाठ आठवते. खांद्यावर वळकटी, मानेवर न्हाव्यानें नुकतेंच कापलेले केंस. तो समोरून येतो म्हटलें कीं तिथें तोंडच नसतें. बिनतोंडाचा माणूस मी आईपुढें कसा उभा करूं?”

मला माझीच लाज वाटली. चार वर्षं मी या माणसाला चेंगट म्हणत होते. मी दूध, पाहुणे, सगळं विसरले. थोड्या वेळानं म्हटलं, “मामा, मग समोरून कशाला बघता? त्याच्या मागून चाला. तो पुढे, आपण मागे. त्याचं तोंड आईला दिसेल. आपल्याला आईचं दिसलं म्हणजे झालं.”

मामांनी डोळे मिटले. मग सांगायला लागले, आणि अठरा वर्षांत प्रथमच मला हात आवरेना इतक्या वेगानं. नदीची वाळू, ओली पावलं, खांद्यावरची वळकटी. बांधावरून तो पुढे, आम्ही मागे. देवळाला वळसा. झाकलेले दिवे. मी खाली मान घालून लिहीत होते. आमच्या खऱ्या गल्लीत काळोख दाटत होता आणि माझ्या उजव्या हाताशी ओलसर गारवा आला, नदीवरून आलेल्या माणसाच्या अंगाला असतो तसा. मी मान वर केली नाही. भीती वाटत होती, आणि वर बघून काही बिघडवायचंही नव्हतं. मामा सांगत होते, “गाणें ऐकूं आलें. तो थांबला. आईनें वर पाहिलें.”

मामा थांबले. मी विचारलं, “पुढे?”

मामांनी त्यांचे दिसत नसलेले डोळे ओट्याच्या पायरीकडे लावले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं, पाच वर्षांच्या मुलाचं हसू होतं. म्हणाले, “पोदुम. पुरे झालें. आपलें येथें काय काम? ऊठ, आंत जाऊं. त्यांना बोलूं दे.”

मी वही मिटली, मामांना हाताला धरून उठवलं आणि आम्ही दोघं पाय न वाजवता आत गेलो. दार मी हळूच लोटून घेतलं.