साडू आणि तेरा मीटरचं वळण

आमच्या साडूंनी आयुष्यात फक्त एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि ती म्हणजे जगातला प्रत्येक छापील आकडा खोटा असतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याहून सिंगापूरला आले, तुआसच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायच्या कामाला लागले आणि आजतागायत तेच करताहेत. दुसऱ्याच्या कामातली चूक काढायचा त्यांना कारखान्यात पगार मिळतो. घरी तेच काम ते फुकट करतात. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, साडू व्हर्नियर कॅलिपर ठेवतात. बायकोने लाटलेली पोळी कॅलिपरच्या जबड्यात धरून "आज कडेला जाड झालीय" असं सांगणारा, आणि तरीही संध्याकाळी जेवायला वाढला जाणारा दुसरा नवरा मी पाहिलेला नाही.

यिशुनच्या त्यांच्या फ्लॅटची किल्ली मिळाली त्या दिवशी लोक देवाची तसबीर आत नेतात, तसे साडू टेप घेऊन आत गेले होते. हॉल सात मिलिमीटरने कमी भरला. मग टेपवरच शंका आली म्हणून दुसरी टेप आणली. दोघींचं पटेना म्हणून तिसरी. लिफ्टमध्ये लिहिलेल्या वजनावर भरवसा नसल्यामुळे आत चार माणसं असली की साडू बाहेर उभे राहतात. एमआरटीच्या फलाटावर पाटी 'दोन मिनिटं' म्हणाली की यांचं घड्याळ सुरू. गाडीला वीस सेकंद उशीर झाला तर खटला जिंकलेल्या वकिलासारखे माझ्याकडे बघतात. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, नूडल्स करणारे एक चिनी काका आहेत. "नो मीट?" "नो मीट." "सॉस?" "नो मीट." "कढई?" अशी शाकाहारी साडूंची उलटतपासणी वर्षभर चालली. शेवटी काकांनी गाड्याच्या आत एक स्टूल टाकलं. साडू दिसले की ते झारा उचलून त्या स्टुलाकडे बोट दाखवतात आणि इथल्या इंग्रजीचं 'लाह' हे शेपूट लावून म्हणतात, "यू सिट, यू सी, लाह." साडू बसतात आणि बघतात.

पण मी त्यांना जरा जपूनच हसतो. माझ्या मुलाला नवी सायकल आणली तेव्हा सगळे फोटो काढत होते आणि हे एकटे मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. ब्रेकचा नट अर्धाच आवळलेला निघाला. साडूंनी फक्त पाना मागितला.

तर असे हे साडू दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी फोनवर कुजबुजले, "साडू, निघून या. घरात काहीतरी शिजतंय." आम्ही एकमेकांना साडूच म्हणतो. मी धावत गेलो. हॉलमध्ये सोफ्यावर दोन लांबलचक रंगीत फळ्या आडव्या ठेवल्या होत्या आणि साडू त्यांच्याभोवती पोलीस पंचनामा करतात तसे फिरत होते.

"केतकीच्या पलंगाखाली होत्या," ते म्हणाले. केतकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, बँकेत नोकरीला. "ती सुट्टीत जपानला जाऊन आल्यापासून तिथेच असणार. याला स्की म्हणतात. बर्फावर घसरायला. आता मला सांगा, जिथे पंख्याशिवाय पोळी गिळवत नाही त्या गावात बर्फाच्या फळ्या कशाला?"

"हौस असेल."

"हौस? हे वाचा." फळीच्या टोकाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, आर तेरा मीटर. साडूंनी आवाज आणखी खाली नेला. "हा आर कोण? राहुल? रोहित? आणि याच्यापासून तेरा मीटरवर काय आहे?"

मी वन-नॉर्थला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात बसतो. त्यामुळे इंटरनेटवर शोधणं ही माझी खास विद्या आहे असा साडूंचा समज आहे. त्यांचा एवढाच एक समज तपासायचा राहून गेलाय. मी शोधलं आणि सांगितलं की आर म्हणजे रेडियस, त्रिज्या. स्की पुढे रुंद, कमरेत बारीक आणि मागे पुन्हा रुंद असते. ती कडेची वळलेली रेघ म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. स्की कडेवर कलवली की ती कड बर्फ कापत त्या वर्तुळाच्या वळणाने जाते. त्रिज्या लहान असली तर वळणं आखूड आणि पटापट, मोठी असली तर लांब आणि भरधाव.

साडूंच्या चेहऱ्यावरचा बाप मागे सरला आणि इन्स्पेक्टर पुढे आला. कॅलिपर निघाला. पुढची रुंदी, कंबर, शेपूट, बर्फाला टेकणारी लांबी, सगळं वहीत उतरलं आणि खाली गणित झालं. "तेरा पूर्णांक एक दशांश," ते म्हणाले. मला वाटलं समाधान झालं. "मग वरचे दहा सेंटिमीटर कुणी खाल्ले?"

तेवढ्यात केतकी पोहून आली. दारातच थबकली. "बाबा! इट्स जस्ट अ स्की, लाह. त्याचं काय पोस्टमॉर्टम करतोयस?"

"दिली कुणी?"

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. ताईंना, म्हणजे साडूंच्या बायकोला, ठाऊक होतं. त्या घरात ठाऊक नसलेले दोघंच होतो, साडू आणि मी.

त्याचं नाव केंजी. जपानच्या उत्तरेला होक्काइडोत एका लहानशा डोंगरगावात हिवाळाभर तो स्की शिकवतो आणि उन्हाळ्यात आईबापांबरोबर बटाट्याची शेती करतो. केतकी मैत्रिणींबरोबर शिकायला गेली, मग एकटी गेली, मग पुन्हा गेली; आता तिला तिथेच जाऊन राहायचं होतं, लग्न करून.

"सहा महिने बर्फात, सहा महिने शेतात," साडू म्हणाले, "मग नोकरी कधी करतो?"

"हीच त्याची नोकरी."

"इंटरनेटवर अठराची स्कीसुद्धा मिळते असं हे साडू म्हणतात. तुला तेराचीच का दिली? लहान आकड्यावर बोळवण केली?"

"मी शिकतेय म्हणून, बाबा! तिथला उतार अरुंद आहे. तेराची लवकर वळते. अठराची मला घेऊन सरळ झाडीत जाईल. शिकवताना तो स्वतःही तेराचीच वापरतो."

"असं तो म्हणतो," साडू म्हणाले.

त्यानंतर महिना-दीड महिना बापलेक एका फ्लॅटमध्ये राहून बोलत नव्हते. मीठ हवं असलं तरी ताईंमार्फत. शेवटी एका सकाळी केतकीच बोलली. रडली वगैरे नाही, बूट घालता घालता म्हणाली, "बाबा, फॅक्टरीत पार्ट रिजेक्ट करायच्या आधी तू तो निदान हातात घेतोस. माणूस मात्र न बघताच रिजेक्ट केलास." आणि ऑफिसला गेली. साडूंनी त्या दिवशी रजेचा अर्ज दिला. मला फोन करून म्हणाले, "तुम्हीही चला. साक्षीदार हवा." ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी कशाला येऊ? मला तो पोरगा फोनवर आवडलाय, आणि तुम्ही तिथेही मापंच काढणार."

जानेवारीत आम्ही तिघं त्या गावी उतरलो. साडूंनी इतके स्वेटर चढवले होते की हात अंगाला टेकत नव्हते. केंजी स्टँडवर घ्यायला आला. रापलेला, उंच, जरा लाजाळू. कमरेतून वाकून नमस्कार केला. साडूंनी त्याला असं न्याहाळलं की मला वाटलं आता कॅलिपर निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लोकांसाठी उतार उघडायच्या आधी, केंजीने लोकांना डोंगरावर नेणारी लिफ्ट चालवणाऱ्या म्हाताऱ्याची परवानगी काढून आम्हाला पायथ्याशी नेलं. यंत्राने अख्खा उतार दाबून, विंचरून ठेवला होता. नुकतीच वेणी घालायला बसवलेल्या मुलीच्या केसांतून कंगवा फिरावा तशा बारीक रेघा वरपासून खालपर्यंत. साडू म्हणाले, "याला वळून दाखवायला सांगा."

केंजी वर गेला आणि खाली आला. काय सांगू! आवाज फक्त कापड फाटल्यासारखा. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, आणि मागे बर्फावर पेन्सिलीने काढाव्यात तशा दोन बारीक रेघा उरल्या. कुठे फरफट नाही, कुठे खरवडल्याची खूण नाही. मी टाळ्या वाजवणार होतो. पण साडू टेप आणि सुतळी घेऊन वळणावर पोचलेसुद्धा होते. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते. दोन्ही टोकं रेघेवर टेकवून सहा मीटर सुतळी ताणून बसलो, तिच्या मध्यापासून वळणाची रेघ किती लांब आहे ते मोजलं, वहीत गणित मांडलं.

"सव्वानऊ!" साडूंचा आवाज डोंगरावर घुमला. "स्की तेराची आणि वळण सव्वानऊचं. एक तर स्की खोटी, नाहीतर हा."

केतकीने कपाळावर हात मारला. केंजीचं इंग्रजी मोजकं होतं. पण त्याला प्रश्न कळला आणि, आश्चर्य म्हणजे, आवडला. त्याने एक स्की काढली, बर्फावर कडेवर उभी धरली आणि मधोमध हाताने दाबली. दोन्ही टोकं टेकलेली, कंबर खाली गेली, स्की धनुष्यासारखी वाकली. "सर, आकडा स्कीचा," तो सावकाश म्हणाला, "वळण माझं. मी जास्त कलतो, ती जास्त वाकते, वर्तुळ लहान होतं."

"किती कलला होतास?"

केंजीने तळहात तिरपा धरून दाखवला. साडूंनी पुन्हा वहीत डोकं घातलं. तेरा पूर्णांक एकचं सव्वानऊ व्हायला पंचेचाळीस अंश लागत होते, आणि तळहात साधारण तितकाच तिरपा होता. तरी एकदा कुणालाही जमतं, म्हणून साडूंनी त्याला आणखी दोनदा वर पाठवलं. दोन्ही वेळा तो कमरेतून वाकला आणि गेला. आम्ही मिळून सात वळणं मोजली. सगळी सव्वानऊच्या आसपास, वीतभर इकडे-तिकडे. साडूंनी नुसती वही मिटली. पण ज्याने पंचवीस वर्षं एकसारखेपणाच शोधला त्याला सात वेळा एकसारखं वळलेल्या माणसाबद्दल काय वाटतं, ते मला त्यांच्या मिशीत दिसत होतं.

मग केतकी म्हणाली, "आता मी येते याच्या मागून." दोघं वरून निघाली, तो पुढे, ती मागे. मुलगी झुकत होती, सावरत होती. दोघं खाली पोचली. साडूंनी सवयीने केंजीच्या रेघेवर सुतळी ताणली.

"साडेबारा. बघा! आता सैल पडला. तेव्हा आपल्यासाठी कसरत केली होती."

मी मान डोलावली. पण साडू उठेनात. ते गुडघ्यांवर बसून बर्फाकडे बघत राहिले. केंजीच्या रेघांना लागून, हातभर अंतरावर, केतकीच्या रेघा होत्या; तशाच बारीक, तशाच स्वच्छ. त्यांनी पुढचं वळण मोजलं, त्याच्या पुढचं मोजलं. तिथेही साडेबारा, तिथेही तिच्या रेघा न फरफटता त्याच्या शेजारी.

"सैल नाही पडला हो," ते हळूच म्हणाले. "तिला एवढंच कलता येतं. हे त्याला माहीत आहे. म्हणून याने आपलं वळण मोठं केलं."

टेप त्यांनी हळूहळू गुंडाळली. खाली गेलो तेव्हा केंजी परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा उभा होता. साडू त्याच्यासमोर थांबले, चष्म्यावरचं बर्फ पुसलं आणि विचारलं, "तुमच्याकडे बटाटे कुठल्या महिन्यात काढतात?"

केतकीने बापाच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसलं. तेव्हा रडली.

लग्न पुढच्या हिवाळ्यात त्याच गावात झालं. ताईंनी पुरणपोळ्या केल्या, केंजीच्या आईने त्या दोन्ही हातांत धरून खाल्ल्या. चौथ्या दिवशी दुपारी परतायचं होतं. बर्फ पडत होतं. स्टँडवर केतकी लाल टोपी घालून उभी राहिली, केंजी तिच्या मागे छत्री धरून. तिने बापाला बरंच काही सांगितलं, रोज फोन कर, गुडघ्याला तेल लाव. साडू सगळ्याला हो म्हणाले.

बस निघाली. ती लाल टोपी लहान होत गेली आणि रस्ता वळल्यावर दिसेनाशी झाली. ताई डोळे मिटून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने, आम्ही चार-पाच गावं मागे टाकल्यावर, साडूंनी माझ्या कोपराला हात लावला.

"साडू, ती अजून तिथे उभी असेल का हो?"

इतक्या बर्फात कोण उभं राहतं! पण मी म्हटलं, "असेल."

"हो ना," ते म्हणाले, आणि खिडकीवर साचलेली वाफ बाहीने पुसून मागे बघत राहिले.