मुसळानं गच्ची फुटत न्हाई

हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, न्हाईतर माझं पोट फुटल. वर गच्चीवर मम्मीचं मुसळ चालू हाय, धम धम आवाज खाली येऊन राह्यला, अन् मी जिन्यात बसून दोन्ही अंगठ्यांनी टाइप करून राह्यले. चुका झाल्या तर समजून घ्या. हा आवाज मागचा अख्खा उन्हाळा आमच्या घरात बंद व्हता. काहून, ते ऐका.

आमचं घर वडीगोद्रीत, हायवेच्या कडंला. पप्पा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. समोरच्या खोल्यांत मी अन् मम्मी, मागं काका-काकू. मम्मी उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, खारोड्या करते. गल्लीतल्या चार बायका जोडीला. पार अंबडपासून लोक आधीच सांगून ठेवतात. टाइमपास न्हाई तो, तिचं स्वतःचं काम हाय.

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात आमच्या समोरच्या खोलीत पाणी यायला लागलं. वरचा कोपरा काळा पडला, भिंतीचे पोपडे दिवाणावर. काकांनी त्यांच्या ओळखीचा मिस्त्री आणला. त्यानं खालूनच मान वर केली, तंबाखू मळत मळत बोलला, "स्लॅब गेला. वर कुटाकुटी चालते का?"

बस. निकाल लागला.

"बघा वहिनी," काका म्हणे, "पंधरा वर्षं धम धम. तुमच्या मुसळानं फुटला स्लॅब. लोखंड असतं तरी गेलं असतं."

मंग गच्चीवर डांबर ओतलं. परत पाणी आलं. मंग कसलं तरी केमिकल मारलं. तवर पावसाळा सरला. अन् मिस्त्रीचं दर टायमाला एकच, "कुटणं बंद करा आधी." शेवटी काकांनी गच्चीच्या दाराला कुलूपच घातलं. त्या उन्हाळ्यात मम्मीनं एकेकाला फोन करून सांगितलं, "औंदा न्हाई जमणार, ताई." मुसळ दाराआड उभं. त्याच्यावर आम्ही ओढण्या वाळत घालायचो. मम्मी त्याच्याकडं बघायची पण न्हाई.

मला लई राग यायचा. पण रागानं भिंत सुकते का?

मंग पावसाळा लागला, पाणी तिसऱ्यांदा आलं, अन् नेमकी तवाच आमच्या कॉलेजात एक मॅडम आली. लायब्ररीच्या भिंतीला ओल व्हती, ती तपासायला जालन्याहून बोलावल्ती. इंजिनीअर. बारक्या हातोडीनं भिंत ठोकायची अन् डॉक्टरवानी कान लावून ऐकायची. एवढा येळ भिंतीपाशी थांबलेला माणूसच मी पहिल्यांदा बघितला! ती निघाली तशी मी पार्किंगपर्यंत पळत गेले.

"मॅडम, आमच्या मम्मीवर केस हाय!"

ती हसली. सगळं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, "पाणी कधी येतं?"

"पावसात."

"कोणत्या पावसात?"

आईशप्पथ, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी डोळे मिटून आठवलं. दिवसभर सरळ पाऊस पडला तर काहीच न्हाई. वाऱ्याचा, हायवेच्या बाजूनं तिरपा आला, तरच कोपरा गळतो.

मॅडमनं घातलेलं हेल्मेट परत काढलं. "मग स्लॅबवर आळ कशाला? आधी तपासू. गच्चीचे पाण्याचे पाइप बुजवा, दोन इंच पाणी भरा, एक अख्खा दिवस ठेवा. मी बघायला येते."

घरी सांगितलं तर काका उसळलेच. "नळाला आठ दिवसांनी पाणी, अन् हिला गच्चीवर तळं पायजे! ती स्कूटीवाली पोरगी आमच्या मिस्त्रीला शिकवणार?"

"तुमचा मिस्त्री दोनदा इलाज करून गेला, पाणी तिसऱ्यांदा आलं. बराबर?"

"जीभ लई चालायली तुझी. चावी मिळणार न्हाई, जा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मम्मी आली. हातात मुसळ! ओढण्या खाली पडलेल्या. ती काकांसमोर कधी मोठ्यानं बोललेली मी बघितलं नव्हतं.

"भाऊजी, चावी द्या. ह्यानं स्लॅब फुटतो म्हणता ना? मंग कुलूप तर एका दणक्यात फुटल."

काकांनी खिशातून चावी काढली. बिलकुल जल्दी.

उघडीप बघून शेतातल्या विहिरीवरून टँकर आणला. मम्मीनं स्वतः जुनं लुगडं अन् चिखल कोंबून पाइप बुजवले. पाणी चढायला लागलं तशी अर्धी गल्ली आपापल्या गच्चीवर. शेजारची चाची कठड्यावरून ओरडली, "क्या गे, बदकां कब छोड्ती?" काका खाली ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत व्हते, "छत पडलं तर आम्हाला बोलू नका."

मी दिवसभर त्या कोपऱ्याकडं बघून मान मोडून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच टायमाला मॅडम आली. वर तळं तसंच. खाली तिनं कोपऱ्याला ओल मोजायचं यंत्र लावलं. नवीन पाण्याचा एक थेंब न्हाई!

"यंत्र खराब असल," काका म्हणे.

"मग हात लावून बघा."

काका स्टुलावर चढले. हात लावला. कोरडाच हात पायजम्याला पुसत उतरले. मी खोलीत नाचले, खरंच नाचले. ते पाणी वाया पण न्हाई गेलं, पाइप लावून शेजाऱ्याच्या नव्या भिंतीला सोडलं.

"मंग पाणी येतं तरी कुठून?" मम्मीनं विचारलं.

मॅडम बाहेर रस्त्यावर गेली, वर बघत राह्यली. वर कठड्याला आमच्या घराचं नाव, हातभर लांब स्टीलच्या अक्षरांत. काकांनी हौसेनं जालन्याहून बनवून आणल्तं, अंगठ्याएवढे बोल्ट ठोकून बसवल्तं. हायवेवरून जाणाऱ्या एसटीतून पण वाचता येतं, असं ते सगळ्यांना सांगायचे.

"हे कधी बसवलं?"

काका हायवेकडं बघायला लागले. मीच सांगितलं, "गेल्याच्या गेल्या दसऱ्याला."

"आणि गळती?"

"त्याच्या... पुढच्या... पावसाळ्यात." बोलता बोलताच मी पण वर अक्षरांकडं बघितलं.

मॅडमनं मला नळी दिली. भिंतीवर तिरपं पाणी मारायचं, खालून हळूहळू वर. खाली मारलं, काहीच न्हाई. मधी मारलं, काहीच न्हाई. मंग अक्षरांवर. अर्धा तास झाला नसल, आतून मम्मी ओरडली, "आलं! आलं गं बाई, आलं!" गळतीचा एवढा आनंद कोणाला झाला असल का?

बोल्टच्या भोकांतून पाणी कठड्यात शिरायचं अन् आतल्या आत उतरून आमच्या कोपऱ्यात निघायचं. स्लॅब बिचारा ठणठणीत.

"त्या वर्षी वारा जास्त व्हता," काका एवढंच म्हणे. मॅडमच्या देखरेखीत अक्षरं काढली, भोकं बराबर भरली, कठड्याला नवीन गिलावा केला. त्याच्यानंतर दोनदा चांगला तिरपा पाऊस झाला. कोपरा कोरडा.

काकांनी चावी पुढं केली, "घ्या वहिनी." मम्मीनं हात पुढं केलाच न्हाई. "चावी नको. कुलूप काढा, अन् कडी पण."

काढली. माफी आजपर्यंत मागितली न्हाई, मागू पण नका म्हणावं. काल ते वर आल्ते. खारोड्यांचं प्लास्टिक उडू न्हाई म्हणून मम्मीनं चारी कोपऱ्यांवर त्यांची स्टीलची अक्षरं ठेवलीत! काकांनी बघितलं, एक ओली खारोडी उचलून तोंडात टाकली अन् म्हणे, "मीठ कमी हाय."

मम्मीनं मुसळ पुढं केलं. "मंग बसा कुटायला."

तुमच्या घरात पण असं झालंय का? पाणी भिंतीतून आलं अन् कोणी न तपासता आळ घरातल्या बाईवर आला? सांगा ना, कोणावर आल्ता, अन् चावी कोणाकडं व्हती?