मामाच्या लोण्याच्या वाट्या

आमच्या मामाएवढी स्वतःबद्दल खात्री असलेला माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा नव्हता, आणि असलाच तर मामानं त्याला एका बैठकीत खोटा पाडला असता. केजला त्याची शेती, दारात दोन बैलजोड्या, गावात मान. आणि या मिशाळ गड्याचा जीव कशात, तर लोण्याच्या वाट्यांत! तरुणपणी औरंगाबादच्या छावणीत घोड्यांना कडबा पुरवायला गेला, तो तिथल्या एका गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याकडून हा हुनर उचलून आला. मैद्याची, पापुद्रे सुटलेली खुसखुशीत वाटी, आत गूळ, लोणी आणि मनुके. खानसामा त्यात अंडं फोडायचा. मामानं देवघराकडे बघून त्या जागी खवा घातला आणि "आता खरी झाली," असं जाहीर करून टाकलं.

लोणी वितळलं की पदर गेले, हा मामाचा सिद्धान्त. म्हणून लोण्याचा गडवा आदल्या दिवशीच दोर बांधून विहिरीत सोडलेला असायचा. मळणाऱ्याचे हातही गार हवेत, म्हणून मामा कोपरापर्यंत हात माठात बुडवून बसायचा आणि मामी बिचारी प्यायच्या पाण्याला दुसरा माठ शोधायची. पुढे पुढे तो माणसंही हातावरूनच पारखायला लागला. नवे तहसीलदार आले तेव्हा सगळे आदबीनं लवले. मामानं मात्र त्यांचा हात धरला, दाबून बघितला आणि सोडून दिला. घरी येऊन म्हणाला, "माणूस लई भला हाय, पण हात ऊन. पिठाच्या कामाचा न्हाई." वाट्या भाजायच्या पातेल्यात, खाली वाळू आणि झाकणावर निखारे. तेवढ्या वेळात घरात कुणी मोठ्यानं शिंकायचंसुद्धा नाही!

पण घोडं पेंड खायचं ते भाऊबिजेला. आई लिंबागणेशला दिलेली. केजहून आमच्याकडे यायचं ते बैलगाडीनं, आणि वाट कसली, नुसते दगडगोटे. आपल्या बहिणीनं एक तरी अख्खी वाटी खावी, हा मामाचा ध्यास. त्यानं त्या भुशात ठेवून आणल्या, कापसात पुरून आणल्या, एकदा तर डबा मांडीवर घेऊन सबंध वाट अवघडून बसला आणि चार दिवस कमरेनं आडवा पडला. डबा उघडला की आपला भुगाच. आई हसू दाबून विचारायची, "दादा, औंदा कुठं बसला धक्का?" आणि भुगा वाडग्यात ओतून, वर दूध घालून चाटूनपुसून खायची. मामाचं तोंड एवढंसं व्हायचं. "पुढल्या साली बघच तू," म्हणायचा.

एका साली आईनं अंथरूण धरलं. वैद्यानं आशा सोडली होती आणि मामाला ते कळलं होतं. त्या भाऊबिजेला तो गाडीतून उतरला तो पातेलं, मैदा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला लोण्याचा गडवा आणि वाळूचं पोतं घेऊन.

"मामा, वाळू कशापायी आणली? आमच्या ओढ्याला काय वाळू न्हाई?"

"तुमची वाळू कशी तापती ते मला ठाव न्हाई," मामा म्हणाला. मग माझा हात धरून बघितला. "ऊन हाय. भायेर हो."

दुपारी आमच्या अंगणातच वाट्या झाल्या. त्यातली एक, तांबूस, अख्खी, मामानं आईच्या तळहातावर ठेवली. आईनं ती फिरवून फिरवून पाहिली. "लई देखणी झाली रे दादा," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी चुरून टाकली! वर माझ्याकडे दूध मागितलं.

मामा ओरडलाच. "अगं, काय केलंस ह्ये!"

"मला अशीच गोड लागती. एवढी वाट तुडवून भाऊ आला, ते भुग्यातच कळतं बघ."

मामानं माझ्या हातातलं दूध घेतलं आणि स्वतःच त्या भुग्यावर ओतलं.

पुढल्या भाऊबिजेला आई नव्हती. मामा तरीही आला. आता सडक होऊन मोटार सुरू झाली होती; त्यानं डबा उघडला तर एकही वाटी फुटलेली नव्हती. मग आईच्या रिकाम्या पाटासमोर बसून एकेक वाटी चुरायला लागला. "दूध आण," म्हणाला. भांडं देताना माझी बोटं त्याच्या बोटांना लागली. जन्मभर गार राखलेले मामाचे हात त्या दिवशी ऊन होते.