कावळ्याची कविता

आमच्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही. शाळेत नवीन नवीन शिकले तेव्हा मी एकदा आईला दुधाच्या कपाबद्दल 'थँक यू' म्हटलं होतं. "मी काय शेजारीण आहे का गं तुझी?" म्हणाली. विषय संपला. बाबांची तर आणखीच तऱ्हा. कौतुकाचा एक शब्द निघाला की हे उठणार आणि बाथरूममधला नळ गळतोय का ते बघायला जाणार. नळ कधीच गळत नसायचा.

त्यामुळे बाबांची बायपास ठरली तेव्हा माझी पंचाईत झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वय झालंय, शुगर आहे, धोका थोडा आहेच. उद्या काही झालं तर? मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ते जाण्याआधी. ऑपरेशन थिएटरमध्ये जाण्याआधी म्हणतेय मी. बघा, अजूनही जीभ अडखळते.

ऑपरेशन सोमवारी सकाळी, मी राहते त्या खारघरलाच. म्हणून शनिवारी आईबाबा नावड्याहून माझ्याकडे राहायला आले.

मी पोटापाण्यासाठी चिनी बोलते. तळोज्याच्या कारखान्यांत तिकडून मशिनं येतात, मशिनांबरोबर तिकडचे इंजिनियर येतात, आणि त्यांच्या आणि आपल्या माणसांच्या मध्ये मी उभी. दिवसभर पंप, व्हॉल्व्ह आणि दोन्हीकडच्या शिव्या सौम्य करून सांगणं. डोकं ताळ्यावर राहावं म्हणून एका चिनी बाईंकडे ऑनलाइन जुन्या कविता वाचते. आणि काय सांगू, आईबापाच्या उपकारांवर त्या लोकांनी शतकानुशतकं इतकं लिहून ठेवलंय! कवी बिचारे लांब कुठेतरी सरकारी नोकरीवर, घरी म्हातारे आईवडील, आणि हे तिकडे बसून सरळ लिहितात की तुमचे उपकार माझ्याच्याने फिटणार नाहीत. लाजत नाहीत, नळ बघायला उठत नाहीत. मी ठरवलं, आपल्याला बोलता येत नाही ना, मग त्यांच्या तोंडून बोलू.

कविता निवडली ती कावळ्यावरची. त्यांच्याकडे कावळा म्हणजे कृतज्ञ लेकरू. पिल्लू मोठं झालं की म्हाताऱ्या आईला चोचीने भरवतं, अशी त्यांची जुनी समजूत. मी ती रात्रंदिवस घोटून मराठीत आणली. ऑफिसात दोघींना वाचून दाखवली, दोघी रडल्या.

रविवारी दुपारी जेवताना मुहूर्त धरला. बाबा बिनमिठाच्या आमटीकडे संशयाने बघत होते. मी घसा खाकरून म्हटलं, "बाबा, एक ऐका, उठायचं नाही," आणि सुरू केलं. दुसऱ्याच ओळीत कावळा फांदीवर येऊन बसला, आणि आईच्या हातातला डाव धाडकन ओट्यावर आपटला.

"अगं ए भवाने! उद्या ह्यांचं ऑपरेशन आणि तू आज घरात कावळा बोलावतेस?"

मी गार पडले. चिनीत इतकी बुडाले होते की आपल्याकडे कावळा कशासाठी बोलावतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! पिंड, दहावा, पितृपक्ष... अरे देवा. आई रडकुंडीला येऊन मीठमोहऱ्या शोधत होती आणि मिक्सरमागे ठेवलेली बरणी तिला दिसत नव्हती. "आई, त्यांचा कावळा वेगळा असतो गं," असं काहीतरी मी पुटपुटले. ते किती मूर्खपणाचं होतं, ते बोलतानाच कळलं.

बाबा मात्र उठले नाहीत. हात धुतला नाही, आमटीला नावं ठेवली नाहीत.

"बस जरा," ते आईला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "माझ्या वडलांच्या दहाव्याला कावळा शिवेना. नदीकाठी सगळा गाव उन्हात ताटकळलेला. चुलते म्हणाले, त्यांची काही इच्छा राहिली असेल, बोल. मी म्हटलं, आईला सांभाळीन. नाही शिवला. बहिणीचं लग्न करीन म्हटलं. नाहीच. मग काय झालं कोण जाणे, हात जोडले आणि म्हटलं, दादा, तुम्ही स्वतः अनवाणी हिंडलात आणि मला शाळेत धाडलंत, मला सगळं दिसत होतं. मला तुम्ही फार आवडायचात. असं गावासमोर, रडत."

"मग शिवला?" आईने विचारलं. इतक्या वर्षांत तिलाही हे ठाऊक नव्हतं.

"शिवला. पण दादा कुठे होते ऐकायला? मी एका पाखराला सांगत होतो." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "हिला बोलू दे. मी आहे समोर."

आता आली का पंचाईत! कवितेचा कागद हातात होता, तो मी खाली ठेवला. मग एकदम सगळं बाहेर आलं. म्हटलं, बाबा, मला चिनी शिकायचं होतं तेव्हा अख्खी कॉलनी हसली, पोरगी मंचुरियनची गाडी लावणार म्हणून. तुम्ही हसला नाहीत. आठवडाभर कारखान्यात राबून रविवारी मला स्कूटरवर वाशीला क्लासला न्यायचात आणि क्लास सुटेपर्यंत खाली पायरीवर बसायचात. मी वरच्या खिडकीतून बघायचे, तुम्ही बसल्या बसल्या पेंगायचात. माझं आज जे काही आहे ते त्या पायरीमुळे आहे. आणि मला उद्याची भयंकर भीती वाटतेय. मला तुम्ही हवे आहात, बाबा.

आई पदराने तोंड झाकून बसली होती. बाबांचे डोळे भरले होते, पण ते जागचे हलले नाहीत. माझं बोलणं हुंदक्यांत अडकलं, तशी मी थांबले.

"अजून बोल," ते म्हणाले. "ऑपरेशन उद्या आहे."