आत्याच्या अॅम्प्लिफायरचा जांभळा व्हॉल्व्ह

आधीच सांगतो — भूत, करणी, आत्मा असलं काही मी मानत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच आमच्या घरातून ते सगळं हद्दपार झालं. शिवाय वालचंदनगरला कारखान्यात मीटर तपासण्यात माझी सगळी हयात गेली. तेव्हा खाली कमेंटमध्ये "मामाच आले होते हो" असं लिहिणाऱ्यांनी कृपया लांब राहावं. माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

माझी आत्या कळस गावाजवळ मळ्यात राहते. तिची आणि तिच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या मामांची, गायन पार्टी होती. जयंती असो, लग्न असो, दोघं गावोगाव कार्यक्रम करायचे. मामा वारले, पार्टी मोडली, पण त्यांचा जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणि पत्र्याचा कर्णा तिनं लेकरासारखे जपले. मागच्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. ही गोष्ट घडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याला ऑपरेशन... म्हणजे आज गाईल ते शेवटचं.

मी म्हटलं, मोबाईलवर रेकॉर्ड करू. तर म्हणाली, "कर्ण्यातनं माझा आवाज मला ऐकू आला तरच गाईन. न्हायतर नगं." दम तरी कितीसा उरला होता? एक गाणं, तेही एकदाच.

हे जुनं यंत्र व्होल्टेजच्या बाबतीत भलतं नाजूक. आत गॅस भरलेला एक रेग्युलेटर व्हॉल्व्ह असतो, चालू असला की जांभळा उजेड देतो. व्होल्टेज वाढलं की जास्तीचं तो स्वतः गिळतो आणि पुढच्या व्हॉल्व्हना सारखं पोचवतो. पण — हे नीट लक्षात ठेवा — फार कमी पडलं तर भरून देणं त्याच्या बापाला जमत नाही. तो विझतो, आवाज फाटतो आणि बसतो. माझा इन्व्हर्टर लावून पाहिला, तर कर्ण्यातून नुसता भुंगा! शेवटी अॅम्प्लिफायर थेट लाईनवरच लावला आणि शेजारी माझा व्होल्टेज मोजायचा मीटर जोडला.

धोका एकच होता, ऑटोचा. शेतीपंपांची थ्री फेज लाईट ठरलेल्या वेळी येते; ती आली की मोटर आपोआप सुरू करणारी ही पेटी. रात्री उठून विहिरीवर जायला नको म्हणून आमच्याकडे ज्यानं त्यानं बसवलेली, आणि सगळ्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज कोसळलंच. त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती, म्हणून मी दुपार निवडली. तरी आत्याच्या डीपीवरच्या, म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या, एकेकाच्या घरी जाऊन हात जोडले, "आज दुपारपुरते ऑटो काढा." सगळे म्हणाले, "व्हय व्हय, काढतो की."

मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. आत्यानं हार्मोनियम पुढं ओढली, डोळे मिटले आणि स्वतः रचलेलं गाणं सुरू केलं. आवाज घोगरा, पण सूर पक्का. दुसऱ्या कडव्याला पंखा मंदावला. वेळापत्रकाला लाथ मारून थ्री फेज आली होती, आणि डीपीवरच्या झाडून सगळ्या मोटरी एकदम उठल्या! मीटरचा काटा दोनशेवीसवरून सव्वाशेच्याही खाली. बल्बची नुसती लाल तार. मी बाहेर पळालो आणि शेजारच्या बापूरावांच्या बांधावरून ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहिता येणार नाही.

बापूराव विहिरीवरूनच म्हणाले, "आरं, येका माज्या मोटरीनं काय हुतंय? म्हटलं बाकीच्यांनी काढली आसंल!"

प्रत्येकानं हाच विचार केला होता. प्रत्येकानं! एका बाईचा आवाज आज संपतोय, आणि तुम्हाला साधी एक पेटी बंद करता येत नाही?

आणि तेवढ्यात लक्षात आलं... कर्ण्याचा आवाज बसलेलाच नाही. आत्याचा आवाज उसावरून जसाच्या तसा येतोय. धावत आत गेलो. काटा खालीच. पंखा थांबलेला. आणि जाळीच्या आत तो व्हॉल्व्ह पेटलेला, एरवीपेक्षा लख्ख. मी मीटरला दोनदा टिचकी मारली. काटा हलला नाही.

आत्यानं शेवटचा सूर सोडला. मगच तो उजेड विझला आणि कर्णा मुका झाला.

डोळे उघडून ती म्हणाली, "लाईट गेली व्हय रं?"

नंतर व्हॉल्व्ह काढून पाहिला. काचेला बुडाशी तडा, आत हवा शिरलेली. परत बसवला, पुरं व्होल्टेज दिलं, पेटला नाही. तुम्ही म्हणाल, तडा नंतर गेला असेल. असेल! पण मग कमी पडलेलं व्होल्टेज आणलं कुठून? माझ्यासोबत काम केलेल्या सगळ्यांना विचारलं. एकजण म्हणाला मीटर खराब. मीटर मी कारखान्यात तपासून घेतलाय, ठणठणीत आहे. दुसरा म्हणाला, "भाग्य समज." भाग्य कुठल्या तारेतून येतं रे? कारण नाही म्हणजे नाही, आणि याचाच मला संताप येतो.

ऑपरेशन झालं. आत्याला आता बोलता येत नाही. रोज दुपारी खुणेनं ते रेकॉर्डिंग लावायला सांगते. त्यात मध्येच माझ्या शिव्या आहेत, पुसायला गेलो तर तिनं हात धरला. त्या ऐकताना तिचे खांदे गदगदतात, आवाजाविना हसते. मग शिव्यांच्या वरून तिचाच आवाज सरळ पुढं जातो... आणि ती माझा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवते.