नीतिशास्त्राच्या पेपरातली कॉपी

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात मी नीतिशास्त्र शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे, माझ्या प्राध्यापकांनी मला जे लिहून दिलं होतं त्याची जाड वही उघडून वाचत होतो आणि समोरचा वर्ग माना खाली घालून उतरवून घेत होता. माझ्या प्राध्यापकांनीही ते असंच कुठून तरी मिळवलं असणार. त्यातले ‘स्वल्पविराम’ आणि ‘नवीन परिच्छेद’ एवढेच शब्द माझे स्वतःचे. वर्षाच्या सुरुवातीला मी एक ताकीद मात्र न चुकता द्यायचो. “उत्तरात शब्दाला शब्द यायला पाहिजे. स्वतःचं डोकं चालवू नका.” नीतीच्या विषयातली माझी हीच एक शिकवण विद्यार्थी मनापासून पाळत.

सहामाही परीक्षेत माझ्याच विषयाच्या पेपराला माझंच पर्यवेक्षण आलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मांडीवर काहीतरी बघताना दिसली. शहराच्या पूर्वभागातल्या विणकर वस्तीतली, घरी तेलुगू बोलणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. मी हात पुढे केला. तिने मुकाट्याने कागदाची एक अरुंद पट्टी माझ्या हातावर ठेवली. वाण्याच्या पुडीचा कागद होता आणि त्याला तंबाखूचा वास येत होता. त्यावर बारीक अक्षरात माझ्या वहीतला उतारा होता, अगदी स्वल्पविरामासकट.

मला फार आनंद झाला. नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती आणि एकही चोर पकडलेला नव्हता.

कॉलेजात कॉपीविरोधी समिती होती. अध्यक्ष उपप्राचार्य. दुसरे सदस्य एक ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांची ‘अपेक्षित प्रश्नोत्तरे’ कॉलेजच्या फाटकासमोरच्या दुकानात मिळायची, आणि त्यातले प्रश्न परीक्षेत हटकून पडायचे, कारण पेपरही तेच काढायचे. दुसऱ्या दिवशी समिती बसली, तक्रारदार म्हणून मीही होतो. मुलगी उभीच होती. उपप्राचार्यांनी आधी पंधरा मिनिटं चारित्र्यावर व्याख्यान दिलं आणि मग सवड काढून विचारलं, “हा कागद तू कॉपीसाठीच केलास ना?”

“नाही सर. अशा पट्ट्या घरी बिड्या वळताना वाचायला केल्यात. सूप मांडीवर असतंय की, वही धरता येत नाही. मग सुपाच्या कडेला पट्टी ठेवायची. एक झाली की दुसरी.”

“मग परीक्षेत कशाला आणली?”

“ओच्यात राहिली होती. पण बघितली मी. खोटं कशाला सांगू. सगळं पाठ होतं, एकच शब्द आठवत नव्हता. सर म्हणतात शब्दाला शब्द पाहिजे.”

“कुठला शब्द?” मी विचारलं.

“निरपेक्ष. त्याचा अर्थ मला कळला नाही, म्हणून राहत नाही डोक्यात.” मग तिने माझ्याकडे बघून अगदी सरळ विचारलं, “काय असतोय सर त्याचा अर्थ?”

तीन वर्षं मी तो शब्द वाचून दाखवत होतो. “म्हणजे... ज्याला अपेक्षा नाही असं.” मुलीने मान हलवली. तिला काही कळलं नव्हतं, आणि का कळलं नाही ते मला चांगलंच कळलं होतं.

ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, पालकांना बोलवा.

तिची आई आली. कामाचा दिवस मोडून आली होती, नखांच्या कडा तंबाखूने पिवळ्या झालेल्या. तिला मराठी जेमतेम समजायची. त्यामुळे उपप्राचार्यांनी केलेले आरोप मुलीलाच तेलुगूत आईला सांगावे लागले. मुलीने ते प्रामाणिकपणे सांगितले असावेत, कारण आईचा चेहरा उतरत गेला. मग आईने काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?” उपप्राचार्य म्हणाले.

“आई विचारते, मी लिहिलेलं चूक होतं का?”

“चूक नव्हतं. पण बघून लिहिलं.”

मुलीने ते सांगितलं. आईने माझ्याकडे बोट करून आणखी काहीतरी विचारलं. मुलीने तिचं बोट खाली केलं. उपप्राचार्यांनी दरडावल्यावर म्हणाली, “आई म्हणते, हे सर तोंडपाठ सांगतात का?”

मी म्हणालो, “नाही. मीसुद्धा वहीत बघूनच सांगतो. आणि ती वही माझी नाही.”

ज्येष्ठ प्राध्यापकांनी खिडकीकडे पाहिलं. उपप्राचार्य म्हणाले, “सर, हा विषय आजच्या सभेपुढे नाही.”

ठराव झाला : पेपर रद्द, माफीपत्र घ्यावं, फेरपरीक्षा संबंधित प्राध्यापकांनी घ्यावी. मुलीला जेवायला वेळ मिळतो का, ती अभ्यास कुठे बसून करते, हे विचारण्याची सूचना कोणी मांडली नाही. मीही नाही. माझ्या धैर्याचा कोटा त्या एका वाक्यात संपला होता.

फेरपरीक्षेला मी एकच प्रश्न दिला. खोटं बोलणं कधी योग्य ठरू शकतं का, स्वतःच्या पाहण्यातलं उदाहरण द्या. ती घाबरली. “हे नोट्समध्ये नाही, सर.”

“नाही. तुझ्या घरात असेल तर बघ.”

तिने दीड पान लिहिलं. शेजारची बाई आजारी पडली, तेव्हा आईने महिनाभर तिच्या वाटच्या बिड्याही वळल्या आणि कारखान्यात तिच्याच नावावर दिल्या, म्हणजे तिचं काम सुटू नये. कारखान्यात विचारलं की आई सांगायची, तिनेच वळल्यात. शेवटी लिहिलं होतं : ‘हे खोटे आहे. आईला यातून काही मिळायचे नव्हते. तरी हे चांगले की वाईट, मला ठरवता येत नाही.’ व्याकरणाच्या अकरा चुका होत्या. निरपेक्षचा अर्थ मला त्या दिवशी प्रथम नीट कळला, आणि मी तो तिला तिच्या आईच्या बिड्यांवरूनच सांगितला. ती म्हणाली, “असं होय. मग सोपं आहे की.”

पुढच्या सत्रात मी वही घरी ठेवून वर्गावर जायला लागलो. प्रश्न विचारायचो, मुलं बोलायची, मला वाटलं क्रांती झाली. दीड महिन्यात उपप्राचार्यांनी बोलावून तक्रारीचा अर्ज दाखवला : ‘सर नोट्स देत नाहीत, नुसत्या गप्पा मारतात.’ खाली बहुतेक सगळ्या वर्गाच्या सह्या होत्या. तिचीही होती.

मी तिला व्हरांड्यात गाठलं. “तू पण?”

“सर, वार्षिक परीक्षेचे पेपर बाहेरगावचे सर तपासतात,” ती समजावणीच्या सुरात म्हणाली. “तिथं माझ्या आईची गोष्ट चालायची नाही.”

मग अर्धा तास नोट्स आणि उरलेला वेळ गप्पा, अशी तडजोड झाली. नोट्समधले न कळणारे शब्द आधी मला विचारायचे, असा नियम तिनेच वर्गातून मंजूर करून घेतला. त्यामुळे मला आदल्या दिवशी अभ्यास करून जावं लागायचं, आणि हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. तीन वर्षांनी ती द्वितीय श्रेणीत बी.ए. झाली. निकालाचा कागद दाखवायला आईला घेऊन आली होती. आईने त्या वेळी काहीच विचारलं नाही, याचं मला बरं वाटलं.