पेन्शनीतून आलेली पटाची जोडी

देवाजीभाऊ वनरक्षक होते. जन्मभर सरकारचा साग राखला आणि स्वतःच्या घराला चौकट लावली बाभळीची, असा हा माणूस. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, त्यामुळे मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून त्यांचं वेड बघत आलेली. वेड एकच, शंकरपट! आमच्या सावली तालुक्याकडे धान घरात आलं की गावोगावी पट भरतात, बैलजोड्या छकड्यांना जुंपून पळवतात. जंगलातली तोडही नेमकी त्याच दिवसांत. मग रजा कोण देणार? बिचारे सायकल हाणत यायचे, शेवटच्या दोनचार जोड्या बघायचे आणि पुन्हा जंगलात.

सत्त्याऐंशी साली रिटायर झाले आणि पहिलं काम त्यांनी काय केलं, तर पेन्शनीचा तिसरा हिस्सा विकला. सरकारकडून एकरकमी पैसा घेतला आणि त्यातून पटाची जोडी आणली! एक लाख्या, लालबुंद. दुसरा पाखऱ्या, ठिपक्याठिपक्यांचा. काय ते खांदे आणि काय ती नजर! अख्खं गाव त्यांच्या अंगणात लोटलं.

जोडी निवडली होती मात्र सत्यशीलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. बाईंचं माहेर पटवाल्यांचं. बाजारात त्यांनी खूर उचलून पाहिले, दात पाहिले, मोठ्या तोऱ्यात चांगल्या चांगल्या जोड्या नापसंत केल्या आणि मगच या दोघांवर हात ठेवला. महिनाभर ढेप म्हणजे पेंड चारली, रोज अंग चोळलं. आमच्याच गावचा पट होता आणि बाईंना झोप नव्हती.

पटाच्या आदल्या दिवशी भैयाजी आले. भैयाजी म्हणजे आमच्या गावचे कुणी न नेमलेले वकील. कुणाच्या घरात आनंद दिसला की यांच्या पोटात दुखतं.

"बाई, जोडी झकास हाय," ते म्हणाले. "पन उद्या देवाजीचं काही बरंवाईट झालं तं तुले काय भेटन?"

"काऊन? त्याईच्या मागं मले पेन्शन भेटते ना."

"कोनती पेन्शन? ते तं इकली! झाड इकल्यावर फांदीवर हक्क सांगते का कोनी?"

झालं. जंगलाजवळच्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते. लिलावात उभं झाड गेलं की फांदी, पाला, सगळं घेणाऱ्याचं. बाईंचा चेहरा उतरला. एकुलती मुलगी दिलेली तिकडे जिवतीच्या डोंगरात, कोरडवाहू शेतीवर. तिचंच कसंबसं चालायचं. नवऱ्यामागं आपण कुणाच्या दारात उभं राहायचं?

देवाजीभाऊंना विचारलं तर ते डोकं खाजवत म्हणाले, "साहेबानं समजावून सांगतलं होतं सगळं. पन माह्यं ध्यान बैलाईकडं होतं!"

असा राग आला मला त्यांचा! बाईंना तर जास्तच. पण त्या ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मी चंद्रपूरले जाऊन इचारून येतो. तवरीक खुरावर पानी टाकनार नाई."

घरधनीण खुरांवर पाणी घालत नाही तोवर आमच्याकडे पटाची जोडी अंगणाबाहेर पडत नाही. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच यांच्या घरातली पूजाआरती सुटली होती, पण हे पाणी म्हणजे पूजा नव्हे, जनावराचा मान. छकडा हाकायला बिरजू नावाचा पट्टीचा पोरगा ठरवला होता, त्यानंही हात झटकले. "बाईच्या पान्याबिगर मी कासरा धरत नाई."

सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. बाईंना वाचता येत नव्हतं म्हणून मी सोबत. पट सुरू व्हायला दुपार उजाडणार होती, पण बाई ड्रायव्हरच्या मागे बसून त्यालाच हाकत होत्या. "चाल बाप्पा, चाल!"

ट्रेझरीतले, म्हणजे पेन्शन देणाऱ्या कचेरीतले साहेब भले निघाले. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, आमचं सगळं ऐकून घेतलं. झाडाचं आणि फांदीचं ऐकून हसलेही.

"बाई, त्यांनी विकला तो त्यांच्या स्वतःच्या पेन्शनीचा हिस्सा. तुमची कुटुंब पेन्शन वेगळी. ती त्यांच्या शेवटच्या पगारावरून ठरते. त्यांनी हिस्सा विकला म्हणून तुमच्यातला एक पैसा कमी होणार नाही."

"नक्की?"

"नक्की. ते गेल्यावर तुम्हाला पूर्ण मिळेल."

बाईंनी साहेबांना तिथल्या तिथं पटाचं आवतण दिलं! परतीच्या गाडीत ज्याला त्याला सांगत सुटल्या, "माही पेन्शन पक्की हाय!" मीही वेड्यासारखी हसत होते. गावाच्या फाट्यावर उतरलो ते पदर खोचून पळतच. भैयाजी वाटेत भेटले. "तुमची फांदी घरी नेऊन जाळा," बाई त्यांना म्हणाल्या आणि थांबल्याही नाहीत.

खुरांवर पाणी पडलं. जोडी निघाली. दानीवर म्हणजे पळण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी माणूसच माणूस. बिरजू छकड्यावर चढणार तोच देवाजीभाऊंनी त्याच्या हातातला कासरा हिसकला आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस टुणकन वर!

"अवो, हे काय करून राह्यले?" बाई ओरडल्या.

"आता मले कायचं भेव?" भाऊ वरून हसले. "मी पडलो, मेलो, तरी तुही पेन्शन पक्की!"

इशारा झाला. लाख्या-पाखऱ्या सुटले ते काय सांगू! धूळ, आरोळ्या, शिट्ट्या. मी तर नाचत होते. अर्ध्या दानीवर छकड्याचं चाक ढेकळावर चढलं, भाऊ एका बाजूला लोंबले. कसेबसे ते परत वर आले. शेजारची जोडी मानभर पुढं गेली, आपली मागं राहिली. पण टाळ्या पडल्या त्या भाऊंनाच.

बाई गर्दी फोडत शेवटापर्यंत पळाल्या. भाऊ धुळीनं माखलेले, कोपर सोललेलं, आणि चेहरा असा उजळलेला की त्या माणसाला मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. बाईंनी सगळ्या गावासमोर त्यांचा सदरा मुठीत धरला. रडत होत्या.

"अवो, काय झालं?" भाऊ गडबडले. "पक्की हाय ना पेन्शन?"

"हाय," बाई म्हणाल्या. "पन मले तुमची पेन्शन पायजे. माही नाई पायजे."